हूक टेबलावर ठेवा

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा सरकारनं त्याला सगळं दिलं, पाणी तेवढं द्यायचं राहिलं. कलेक्टर आले, पाट्या आल्या, गोल शिक्के आले. आमचं कामगार खात्याचं कार्यालय एका भाड्याच्या घरात उघडलं. घरमालकाची चूल होती त्या खोलीत साहेबांचं टेबल लागलं आणि न्हाणीत आमचं रेकॉर्ड. न्हाणीत रेकॉर्ड ठेवायला कुणाचीच हरकत नव्हती, कारण दुष्काळात न्हाणीचा दुसरा काही उपयोग उरला नव्हता.

मी नांदेडची. वय तेवीस, नोकरी नवी, तोंड फटकळ. दर शनिवारी संध्याकाळी आठवड्याचे मळके कपडे पिशवीत कोंबून एस.टी.नं घरी जायचे आणि रविवारी रात्रीपर्यंत स्वच्छ होऊन परत यायचे. आमचा शिपाई उस्मानाबादहून आला होता, ऑफिसातल्या एकुलत्या एक लोखंडी कपाटाबरोबर एकाच ट्रकमधून. त्यामुळे कपाटावर त्याचा भावासारखा जीव होता आणि बाकी सगळ्यांवर त्याची टीका. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, बाई आईबापाला भेटायला जात नाहीत, नळाला भेटायला जातात.

त्या उन्हाळ्यात बाजार समितीच्या आवारातल्या हमालांच्या युनियनची निवडणूक लागली. अध्यक्ष निवडायचा होता. तसे अध्यक्ष ठरलेलेच असायचे. एका जुन्या टोळीचे मुकादम, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, पांढरं धोतर, सगळा बाजार त्यांना आप्पा म्हणायचा. आजवर त्यांच्याविरुद्ध कुणी उभंच राहिलं नव्हतं. या वेळी एक जण राहिला आणि युनियनच्या नियमाप्रमाणे बाहेरचा निवडणूक अधिकारी मागवावा लागला. साहेब दुष्काळाच्या मीटिंगांमध्ये अडकलेले. त्यांनी फाईल माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, हमालांची निवडणूक आहे, त्यात काय असतं, जा आणि घेऊन या. मी मनात म्हटलं, काय असतं ते तुम्हाला कुठून माहीत असणार. पण मी ते बोलले नाही, आणि का बोलले नाही ते पुढे सांगते.

उभा राहिलेला माणूस धर्माबादकडचा होता. तिकडे तो मिरचीच्या गोदामात पोती उचलायचा. दुष्काळात मिरची गेली तसा हा चार सोबती घेऊन लातूरला आला. लातुरातही शेतमाल येत नव्हता, पण परराज्यातून सरकारी धान्याचे ट्रक येत होते आणि ते उतरवायला माणसं लागत होती. युनियननं या पाच जणांना कच्चा बिल्ला दिला होता. कच्चा म्हणजे पत्र्याचा, कधीही काढून घेता येणारा. पक्का बिल्ला पितळी. ज्याच्या दंडावर पितळ त्याला रोज काम. कच्च्या बिल्ल्याच्या माणसानं निवडणुकीला उभं राहू नये असा नियम नव्हता, कारण असा कुणी उभा राहील हे नियम लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसणार. एक नियम मात्र स्पष्ट होता. प्रचारात कुणाला धमकावलं असं सिद्ध झालं तर उमेदवारी रद्द आणि बिल्लाही जप्त. त्याचा आणि त्याच्या टोळीचा, दोन्ही.

मतदानाला दहा-बारा दिवस होते तेव्हा एका सकाळी माझ्या टेबलासमोर पाच तक्रारी उभ्या राहिल्या. पुढे होती आवारात धान्य चाळणारी एक बाई. ती युनियनची सभासद होती, नवरा वारलेला, आवाज असा की लिलाव चालू असतानाही ऐकू यावा. तिनं पदराखालून लोखंडी हूक काढला आणि माझ्या टेबलावर आपटला. पोत्यात रुतवून पोतं ओढायचा असतो तो, लाकडी मुठीचा, वाकडा. मागच्या तिघांनीही एकेक हूक काढून ठेवला. शेवटी आप्पांनी ठेवला, हळूच, रुमालात गुंडाळलेला.

प्रकार असा होता. लातूरच्या बाजारात कुणाला टोळीतून काढलं की त्याच्या घराच्या चौकटीत हूक मारून ठेवायची जुनी चाल. त्या माणसानं दुसऱ्या दिवशी आवारात पाऊल टाकायचं नाही, इतका त्याचा अर्थ पक्का. या पाच तक्रारदारांना दोन दिवसांपूर्वी पहाटे दार उघडलं तर दाराला हूक. हुकांची घडण धर्माबादकडची, म्हणून सगळ्यांचा संशय त्या उमेदवारावर. चाळणीवाली बाई म्हणाली की ती दोन दिवस जेवली नाही. आप्पांनी रुमाल तेवढा परत घेतला आणि हूक लांब सरकवला. ते पाहून मला संताप आला. म्हाताऱ्या माणसाच्या दारावर हूक मारतोस काय रे, बघते तुला, असं मी मनात म्हटलं. निवडणूक अधिकाऱ्यानं मनात काय म्हणावं याचा नियम नव्हता.

मी पाचही हूक सुतळीनं बांधले, गाठीवर लाख वितळवून ऑफिसचा शिक्का मारला आणि कपाटात ठेवले. शिपायानं आपल्या कपाटात लोखंड ठेवल्याबद्दल नाक मुरडलं. नवा शिक्का इतका ठसठशीत उमटला की त्याही रागात मला बरं वाटलं.

धर्माबादवाल्याला बोलावलं. तो आला, उंच, सडपातळ, दोन्ही हात मागे बांधून उभा राहिला. मला वाटलं, गुर्मी आहे. मी कपाट उघडून गठ्ठा दाखवला आणि विचारलं, हे हूक तुमचे का. तो म्हणाला, एक माझा, चार सोबत्यांचे. दारांवर कुणी ठेवले? मीच. कशासाठी?

"मतासाठी," तो म्हणाला. शरमणं नाही, गडबडणं नाही. उलट जरा अभिमानानंच.

इतका सरळ गुन्हेगार मी पाहिला नव्हता. मी सगळं लिहून घेतलं. मग मनात आलं की कबुली मिळालीच आहे, तर यांची कामाची हत्यारं कशाला अडकवून ठेवायची. मी म्हटलं, कागदावर सही करा आणि हूक घेऊन जा. त्यानं सही केली, पण हूक घेईना.

"तुमच्या हातून न्हाई घेता येत, बाई."

आता हे वाक्य माझ्या कानात कसं शिरलं ते सांगायला पाहिजे. आम्ही बौद्ध. तुमच्या हातून नको, हे शब्द माझ्या आजीनं ऐकले होते, आईनं ऐकले होते, आणि मी सरकारी खुर्चीत बसूनही ऐकावेत? माझ्या कानशिलांतून धूर निघायचा बाकी राहिला. मी त्याला बाहेर काढलं आणि रिपोर्टात लिहिलं की इसमाने कबुली दिली असून त्याचे वर्तन उर्मट आहे. साहेबांनी वाचून मान डोलावली. म्हणाले, सोमवारी सुनावणी घ्या, नाव खोडा, बिल्ले जमा करा, सोपं काम आहे.

सोपं काम माझ्या पचनी पडत नाही, हा माझा लहानपणापासूनचा दोष. पंचनामा हवाच म्हणून मी शिपायाला घेऊन पाचही घरं बघायला गेले. हूक चौकटीत मारला तर लाकडाला भोक पडणार. मी पहिल्या घराची चौकट पाहिली, भोक नव्हतं. दुसऱ्या घरी बोटं फिरवून पाहिलं, तिथंही नाही. चाळणीवाल्या बाईला विचारलं, हूक नेमका कुठं होता? तिनं कडी हातात धरून बघितली. मग म्हणाली की कडीला अडकवलेला होता. आप्पांच्या दारातही कडीच. पहाटेच्या अंधारात दाराला लोखंड दिसलं आणि प्रत्येकाच्या काळजात आधी धस्स झालं, मग ते कुठं आहे हे बघायला कुणाचं डोकं जागेवर होतं?

शनिवारी संध्याकाळी बसस्टँडवर जाताना मी वाकडी वाट करून आवारातून गेले, पिशवी घेऊन शिपाई सोबत होता. गव्हाचा ट्रक उतरत होता. धर्माबादवाला आणि त्याचे चार सोबती नुसत्या हातांनी पोती ओढत होते. पोत्याचे कान बोटांनी धरायचे, तागाला पकड नाही, बोटं घसरतात. त्यातल्या एकानं पंजाला चिंधी बांधली होती आणि ती लाल झाली होती. पाच जणांपैकी एकाकडेही हूक नव्हता. तेव्हा मला कळलं की माझ्यासमोर तो हात मागे बांधून का उभा होता. मी शिपायाला म्हटलं की हूक बाजारात कुठंही मिळतो, हे नवे का घेत नाहीत. तो म्हणाला, बाई, माझं कपाट सोडून दुसऱ्या कुठल्याही गोष्टीचा विचार मी सोमवारपासून करीन.

आता मी साहेबांना जे सांगितलं नव्हतं ते सांगते. माझे वडील हमाल होते. नांदेड स्टेशनच्या मालधक्क्यावर त्यांनी आयुष्यभर पोती वाहिली. नोकरीच्या अर्जात वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी 'रेल्वेकडे' असं लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. त्यांचा हूक आमच्या घरात बुद्धाच्या तसबिरीशेजारी खिळ्याला टांगलेला असायचा. मी शाळेत असताना मैत्रिणी येणार असल्या की त्यावर टॉवेल टाकायचे. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

रविवारी सकाळी नळाखाली कपडे आपटता आपटता मी बाबांना सगळी हकीकत सांगितली. वाटलं होतं, म्हाताऱ्याला राग येईल. ते हसायला लागले. इतके हसले की खोकला लागला आणि आईनं आतून पाणी आणून दिलं.

मग त्यांनी मला समजावलं. मालधक्क्यावरचे निम्मे हमाल धर्माबादकडचे, म्हणून त्यांना ती रीत पाठ होती. एखाद्याकडे काही मोठं मागायचं असेल तर तोंडानं मागत नाहीत. आपला हूक त्याच्या कडीला अडकवून गप्प बसायचं. उत्तर येईपर्यंत दुसरा हूक हातात धरायचा नाही, आठवण करून द्यायची नाही, आणि काय मागतोय हे समजावत बसायचं नाही. समोरच्यानं हूक स्वतःच्या हातानं आणून दिला तर हो. दुसऱ्या कुणाच्या हातून पाठवला तर नाही.

"तोंडानं मागितलं की समोरच्याला तोंडावर न्हाई म्हणता येत न्हाई," बाबा म्हणाले. "त्याची पंचाईत व्हू नये म्हणून ही रीत. धमकी कशाची गं? आपली भाकर त्याच्या दाराला टांगून आलाय तो."

मी ओला परकर हातात घेऊन तशीच उभी राहिले. म्हणजे तो माणूस पाच जणांकडे मत मागत होता, तेही अशा रीतीनं की नाही म्हणणाऱ्यालाही त्रास होऊ नये. आणि मी तो हूक त्याच्या हातात कोंबत होते. माझ्या हातून घेतला असता तर ते सरकारी बाईच्या हातून आलेलं 'नाही' ठरलं असतं. मी ज्याला अपमान समजले तो अपमान नव्हताच. रिपोर्टातला 'उर्मट' हा शब्द मला नांदेडपासून लातूरपर्यंत बोचत राहणार होता.

बाबांनी मग खाट पुढे ओढली आणि मला आजवर कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. त्यांनी माझ्या आईला मागणी घातली ती अशीच. आजोबांच्या कडीला हूक अडकवला आणि गप्प बसले. आजोबांनी तो अकरा दिवस ठेवून घेतला. अकरा दिवस बाबा नुसत्या हातांनी पोती उचलत होते. बाराव्या दिवशी आजोबा चालत धक्क्यावर आले आणि हूक त्यांच्या हातात दिला. मी विचारलं, कुणाच्या हातून पाठवला असता तर?

"मग तू ही निवडणूक घ्यायला कुठून आली असतीस?" बाबा म्हणाले.

सोमवारी सौदा सुरू होण्याआधी आवारातल्या लिलावाच्या ओट्यावर सुनावणी ठेवली. मी टेबल मांडलं, शिपायानं गठ्ठा आणला, मी लाख फोडली आणि पाचही हूक ओळीनं ठेवले. हमाल, चाळणीवाल्या, दोन-चार अडतेही गोळा झाले. मला भाषण येत नाही. मी सरळ म्हटलं की माझे वडील नांदेडच्या मालधक्क्यावर हमाल होते, आणि हे हूक म्हणजे काय ते मला त्यांनी सांगितलंय. हे वाक्य पहिल्यांदाच चारचौघांत उच्चारलं. शिपाई माझ्याकडे बघतच राहिला. पण जीभ अडखळली नाही, उलट मोकळं वाटलं, घट्ट चप्पल काढल्यावर वाटतं तसं.

मी रीत सांगत गेले तशी मागून कुणीतरी खुदकन हसलं आणि ते हसू पुढेपर्यंत आलं. चाळणीवाली बाई कपाळावर हात मारून म्हणाली की तिनं दोन दिवस उपास उगाच काढले. धर्माबादवाला मात्र घाबरून गेला होता. हूक म्हणजे इथं काय, हे त्याला आत्ता पहिल्यांदा कळत होतं. मी विचारलं, तुमचे हूक सरकारी कपाटात जाऊन बसले तेव्हा तुम्हाला काही वाटलं नाही का?

"वाटलं, नवा जिल्हा हाय," तो म्हणाला. "हितं उत्तर हापिसातून येत आसंल."

यावर लोक असे हसले की ओट्यावरची कबुतरं उडाली. पाचही जणांनी तक्रारी मागे घेतल्या. कुणी सही केली, कुणी अंगठा दिला. आप्पांनी शेवटी अंगठा दिला. मग ते त्या माणसाकडे वळून म्हणाले की बाकीच्यांचं समजलं, पण माझ्या दारावर का रे ठेवलास, मीच तर तुझ्याविरुद्ध उभा आहे. तो म्हणाला की मागायचं तर आधी थोरल्याकडे मागावं असं त्याला वाटलं.

माझ्यापुढे मात्र नवा पेच होता. हूक हातानं परत दिला तर ते मताचं वचन, आणि निवडणूक अधिकाऱ्यासमोर उघड मत देणं नियमात बसत नाही. परत नाही दिला तर धर्माबादच्या पाच जणांचे हात सोलत राहणार. मी निकाल दिला की यापुढे कुणाच्याही दारावर हूक ठेवायचा नाही. ज्याला मागायचंय त्यानं दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर, माझ्या टेबलावर ठेवावा. उत्तर मतमोजणीनंतर द्यावं, त्याआधी नाही. शिपायानं ते खडूनं ओट्याच्या भिंतीवर लिहिलं: हूक टेबलावर ठेवा. पण त्या सोललेल्या हातांचं काय करायचं ते मला सुचलं नव्हतं.

ते आप्पांना सुचलं. त्यांनी खांद्यावरचा आपला हूक काढला, मूठ वापरून वापरून काळी गुळगुळीत झालेली, आणि टेबलावर ठेवला.

"म्या बी मागतो मग," ते म्हणाले. "ह्याच्याकडं. आन म्या बी तवर हूक धरत न्हाई. बरोबरीनं व्हऊ द्या."

त्यांच्या टोळीतल्या चौघांनी एकमेकांकडे बघितलं आणि आपापले हूक आणून ठेवले, धर्माबादच्या चौघांच्या नावानं. पाचास पाच झाले. दुपारपर्यंत उरलेल्या टोळ्यांनीही लाजेखातर हूक कमरेला खोचून ठेवले. पुढचे सात-आठ दिवस लातूरच्या आवारात सगळे हमाल नुसत्या हातांनी पोती उचलत होते. दोन-दोन जण मिळून एक पोतं धरायचे. जुन्या टोळीतला एक आणि धर्माबादचा एक अशा जोड्या आपोआप जुळल्या, कारण उंचीला उंची लागते, टोळी बघून चालत नाही. चाळणीवाल्या बाईनं हळद-तेलाची वाटी ओट्यावर आणून ठेवली आणि ज्याला-त्याला पुढे कर हात म्हणून दटावत फिरली. अडते माझ्याकडे गाऱ्हाणं घेऊन आले की बाई, ट्रक हलेनात. मी त्यांना अर्ज लिहून द्यायला सांगितलं. लेखी तक्रारीचं निवारण करायचा मला आता हुरूप आला होता.

मतदान अमावास्येला ठेवलं, कारण त्या दिवशी सौदे बंद. काही जण कुरकुरले की अमावास्येला शुभ काम कसलं. आप्पा म्हणाले की वर्षभरात आभाळानं एक तरी दिवस शुभ दाखवला का, मग अमावास्येनं काय घोडं मारलंय. लोक रांगेत हसत होते. चिठ्ठी पेटीत टाकताना हळदीनं पिवळ्या झालेल्या बोटांचे ठसे कागदावर उमटत होते. मोजताना मला त्यातलं कुठलं कुणाचं ते ओळखू येईना, हे बरंच झालं, कारण पिवळी बोटं सगळ्यांचीच होती.

आप्पा निवडून आले, चांगल्या मतांनी. पण धर्माबादवाल्याला त्याच्या टोळीच्या पाचापेक्षा कितीतरी जास्त मतं पडली. निकाल ऐकून तो स्वतःच आधी चकित झाला आणि मग नुसता हसत उभा राहिला.

मग हूक. मी सगळे दहा टेबलावर मांडले. चाळणीवाली बाई पहिली पुढे झाली. तिनं आपल्या दारावर आलेला हूक उचलला आणि थेट धर्माबादवाल्याच्या सोबत्याच्या हातात दिला. टाळ्या पडल्या. उरलेल्या तिघांपैकी दोघांनी हातानं दिले. तिसऱ्यानं जरा ओशाळून शेजारच्याकडून पाठवला आणि त्यावरही लोक हसले. कुणी रागावलं नाही, कारण रीत त्यासाठीच होती. आप्पांच्या चौघांचे चारही हूक शेजाऱ्यांच्या हातून परत आले. त्यात कुणाला नवल वाटलं नाही.

टेबलावर दोन हूक उरले. आप्पा उठले. निवडून आलेला माणूस, गळ्यात झेंडूचा हार. त्यांनी धर्माबादवाल्याचा हूक उचलला, चार पावलं चालत गेले आणि त्याच्या तळहातावर ठेवला. स्वतःच्या हातानं. त्याचा अर्थ आता तिथं पोरासोरांनाही ठाऊक होता. आप्पांनी स्वतःचं मत स्वतःला दिलं नव्हतं.

आता त्याची पाळी. आप्पांचा काळ्या मुठीचा हूक टेबलावर एकटाच पडला होता. बिल्ले पक्के करायचे की काढून घ्यायचे, हे अध्यक्षाच्या हातात होतं, आणि अध्यक्ष समोर हात पुढे करून उभे होते. मत गुपित होतं. त्यानं तो हूक उचलून हातात दिला असता तर खरं-खोटं कुणाला कळणार होतं? मीसुद्धा मनातल्या मनात म्हणत होते, दे बाबा, देऊन टाक एकदाचा. त्यानं हूक उचलला. आप्पांकडे बघितलं. मग वळून आमच्या शिपायाकडे गेला आणि हूक त्याच्या हातात दिला.

"आप्पाला नेऊन द्या," तो म्हणाला.

शिपायानं या वेळी लोखंडाला नाक मुरडलं नाही. तो चार पावलं चालत गेला आणि त्यानं हूक आप्पांना दिला. आप्पांनी तो घेतला, उलटसुलट बघितला आणि मोठ्यानं हसायला लागले. हाराची फुलं गळून पडेपर्यंत हसले. त्यांचं बघून सगळं आवार हसायला लागलं, आणि तो उंच गडी मधोमध उभा राहून डोळे पुसत होता.

"स्वतःलाच दिलं ह्यानं," आप्पा म्हणाले. "आन तोंडावर सांगितलं. असला माणूस पोतं मोजताना खोटं बोलंल का? पाची बिल्ले पितळी करा."

रिपोर्टातला 'उर्मट' मी खोडला. त्या जागी काय लिहावं ते सुचेना, म्हणून ती जागा कोरी ठेवून खाली तक्रारींचे निवारण झाले असं लिहिलं. साहेबांनी कोऱ्या जागेवर बोट ठेवून विचारलं, हे काय? मी म्हटलं, माझी चूक होती साहेब, ती काढली. आणि वर हेही सांगून टाकलं की माझ्या अर्जात वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यातही एक दुरुस्ती करायचीय.

पुढच्या रविवारी घरी गेले. बाबांना सगळं सांगितलं. हार, काळी मूठ, पितळी बिल्ले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की त्याचे हात भरले का. मी म्हटलं, भरत आलेत. ते म्हणाले की माझे भरायला महिना लागला होता, तुझ्या आजोबानं अकरा दिवस लावले ना.

आई दारात तांदूळ निवडत बसली होती. तिनं सुपातून मान वर न करता म्हटलं,

"आजोबा दुसऱ्या दिवशीच द्यायला निघाले व्हते. म्याच हूक ज्वारीच्या कणगीत दडवून ठिवला."

बाबा खाटेवरून उठून तिच्यासमोर येऊन बसले. पंचवीस वर्षं त्या अकरा दिवसांसाठी ते बिचाऱ्या आजोबांना बोल लावत आले होते. त्यांनी विचारलं, का म्हणून?

"बगत व्हते," आई म्हणाली, "दुसरा हूक धरता का ते."